डोळ्यांची साक्ष

खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपल्याकडे म्हणतात. ही चार बोटे म्हणजे डोळा आणि कान यांमधली; कानांनी ऐकलेले खोटे ठरू शकते, डोळ्यांनी पाहिलेले तेवढे खरे मानावे, असा या म्हणीचा आशय. आपल्या नैयायिकांनीही प्रमाणांची गणना करिताना पहिला मान प्रत्यक्षाला दिला. मात्र तो देताना त्यांनी एक अट घातली, की ते ज्ञान भ्रांतिरहित आणि निश्चित असले पाहिजे. दोरीच्या ठिकाणी साप पाहणाऱ्याचेही डोळे उघडेच असतात. तेव्हा डोळ्यांची साक्ष ग्राह्य केव्हा धरावी, हा प्रश्न नुसती म्हण सांगून मिटत नाही.

न्यायालयात आणि इतिहाससंशोधनात या प्रश्नाचा खल नित्य होत असतो. तथापि त्याचा एक फार बोधप्रद इतिहास अशा क्षेत्रात घडलेला आहे, की जिकडे आपल्या सुशिक्षित वर्गाचे लक्ष सहसा जात नाही. ते क्षेत्र म्हणजे पक्ष्यांची ओळख. मोकळ्या रानात, फांदीवर बसलेला जिवंत पक्षी नुसता पाहून त्याची जात ठरविता येते काय, आणि कोणी ठरविली तर ती इतरांनी का मानावी, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्यात धर्मोपदेशक होते, सनदी अधिकारी होते, रेल्वेचे इंजिनीअर होते, चित्रकार होते. आणि वादाचा विषय पुष्कळदा दहा ग्रॅमही न भरणारा एखादा गाणारा पक्षी असे.

असा एक पक्षी आपल्या अगदी दारात येतो. पावसाळा सरला म्हणजे महाराष्ट्रातील आमराईत, देवराईत, क्वचित घराच्या परसातील चिंचेवरही, चिमणीहून बरेच लहान असे हिरवट पक्षी दिसू लागतात. पाठ मळकट हिरवी, पोट फिकट, डोळ्यावर फिकट भुवई, आणि अंगी क्षणभर स्वस्थता नाही. हे पर्णवटवटे होत. त्यांच्या शास्त्रीय कुलनामाचा ग्रीक अर्थ ‘पाने न्याहाळणारा’ असा आहे, आणि तो सार्थ आहे. कारण पानापानाखालचे बारीक किडे टिपण्यात त्यांचा सारा दिवस जातो. हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे जन्मलेले हे पाहुणे वसंतात परत जातात. त्यांत हिरवट पर्णवटवट्या आहे, ह्यूमचा पर्णवटवट्या आहे, सह्याद्रीच्या दाट झाडीत हिवाळा काढणारा टायटलरचा पर्णवटवट्या आहे. पहिल्या दर्शनी हे सारे एकाच साच्यातून काढल्यासारखे भासतात. मोराला किंवा नीलकंठाला ओळखण्यास कोणतेही शास्त्र लागत नाही. डोळ्यांची खरी परीक्षा या वटवट्यांपाशी होते. म्हणूनच त्यांच्या ओळखीचा इतिहास हा पाहण्याच्या कलेचाच इतिहास होऊन बसला आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाच्या खेड्यात करावा लागतो. तेथे गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा धर्मोपदेशक राहत असे. त्याने आपल्या गावच्या पशुपक्ष्यांविषयी टॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन या दोघा विद्वानांस लिहिलेली पत्रे १७८९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि आजतागायत तो ग्रंथ इंग्रजी घरांतून वाचला जात आहे. लिनीअसने १७५८ साली ज्यांना एकच नाव देऊन ठेवले होते, त्या युरोपातील पर्णवटवट्यांत वस्तुतः तीन वेगळ्या जाती आहेत, हे व्हाइटने १७६८ साली पेनंट यास कळविले. त्याला हा भेद प्रथम कळला तो कानांनी. तिघांची गाणी तीन तऱ्हेची होती: एकाचे दोन सुरांचे तेच ते टकटकणे, दुसऱ्याची उतरत जाणारी गोड लकेर, आणि तिसऱ्याचा नाकतोड्यासारखा सीत्कार. आपली म्हण ज्या कानाला अविश्वासू म्हणते, त्याच कानाने येथे डोळ्याला वाट दाखविली.

परंतु व्हाइट तेवढ्यावर थांबला नाही. त्याने तिन्ही जातींचे नमुने मिळवून समोर ठेविले आणि पाहिले. सर्वांत लहान जो होता त्याचे पाय काळे; इतर दोघांचे मांसवर्णी. सर्वांत मोठा तोच सर्वांत पिवळा, त्याच्या पंखांच्या पिसांना पांढरी किनार, आणि तो उंच बीच वृक्षांच्या शेंड्यांवरच राहणारा. गाताना त्याचे पंख थरथरतात, हेही त्याने टिपले. आवाज, आकार, पायांचा रंग, पिसांची किनार, वसतिस्थान आणि लकब, इतक्या गोष्टी एकत्र जुळल्यावरच त्याने निर्णय दिला. एका खुणेवर त्याने भिस्त ठेविली नाही. पुढे दीडशे वर्षे जगाला जो धडा पुनः पुनः शिकावा लागला, तो या खेड्यातील माणसाने पहिल्याच प्रयत्नात गिरविला होता असे म्हणण्यास हरकत नाही. सर्वांत लहान, काळ्या पायांच्या पक्ष्याला आजचे शास्त्रीय नाव मिळण्यास मात्र १८१७ साल उजाडले.

एकोणिसाव्या शतकात पक्षिशास्त्राने वेगळा मार्ग धरला. तो मार्ग बंदुकीचा. जो पक्षी मारला गेला, ज्याचे कातडे सोलून, चिठ्ठी बांधून कपाटात ठेविले गेले, तोच पुरावा. बाकीच्या गोष्टी ऐकीव. आज हे क्रूर वाटते, आणि क्रूर ते होतेच. पण त्यामागील युक्तिवाद पोकळ नव्हता. त्या काळी चांगल्या दुर्बिणी नव्हत्या. जातीजातींतील भेद ग्रंथांतून नीट मांडलेले नव्हते. पाहणाऱ्याची स्मृती बदलते, त्याची हौस त्याला फसविते, आणि तो मेल्यावर त्याची साक्ष कोणाला तपासता येत नाही. कातडे मात्र शंभर वर्षांनीही पुन्हा मोजता येते.

हिंदुस्थानात या मार्गाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेचा एक जनक म्हणून त्याचे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षी त्याने पक्ष्यांच्या साठ हजारांहून अधिक कातड्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकिला, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नाही. त्याच्या मित्रमंडळात विल्यम एडविन ब्रुक्स नावाचा रेल्वेचा इंजिनीअर होता. पर्णवटवट्यांचे त्याला जणू वेड होते. टायटलरच्या पर्णवटवट्याला शास्त्रीय नाव त्यानेच दिले, आणि १८७८ साली दुसऱ्या एका जातीला ह्यूमचे नाव दिले. ही दुसरी जात पुढे विसाव्या शतकात बहुतेक काळ निराळ्या एका पक्ष्याची नुसती पोटजात समजली गेली. शतकाच्या अखेरीस आवाज व आनुवंशिक द्रव्य यांच्या अभ्यासावरून ती स्वतंत्र ठरली. ब्रुक्सची नजर बरोबर होती. तिला दुजोरा मिळण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

बंदुकीच्या राज्याला पहिला धक्का शास्त्रज्ञांकडून बसला नाही, तो सामान्य निसर्गप्रेमी स्त्रीपुरुषांकडून बसला. अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसे, नव्हे संपूर्ण पक्षीच, खोवण्याची फॅशन बोकाळली होती. त्या व्यापाराविरुद्ध ज्यांनी आवाज उठविला, त्यांत फ्लॉरेन्स मेरिअम ही तरुणी होती. १८८९ साली तिने पक्ष्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या नावातच सांगून टाकिले, की पक्षी पाहावयाचे ते नाटकगृहात नेण्याच्या लहान दुर्बिणीतून. १८९४ साली जर्मनीतील झाइस कारखान्याने लोलकांची दुर्बीण विक्रीस आणिली, आणि दूरचा पक्षी स्पष्ट व ठसठशीत दिसू लागला. १९०१ साली एडमंड सेलूस या इंग्रज लेखकाने पक्षिनिरीक्षणावर ग्रंथ लिहून, मारण्यापेक्षा पाहण्यातच अधिक ज्ञान आहे असा पक्ष मांडिला.

साधन आले, परंतु शिस्त यावयाची होती. ती न्यूयॉर्कच्या लडलो ग्रिस्कम (१८९०–१९५९) या पक्षिशास्त्रज्ञाने आणिली. कपाटातील कातड्यांचा कसून अभ्यास करून तो रानात जाई, आणि कोणत्या जातीचे नेमके कोणते लक्षण दुरूनही दिसू शकते, हे मनाशी पक्के करून ठेवी. त्याच्या परंपरेत वाढलेल्या रॉजर टोरी पीटरसन या पंचविशीतील चित्रकाराने १९३४ साली आपले सुप्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तक काढिले. पहिली आवृत्ती अवघी २,००० प्रतींची होती, आणि ती पाहता पाहता संपली. पिसान् पीस रंगविण्याच्या फंदात तो पडला नाही. सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर, एकाच बाजूने काढावयाचे, आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण तेवढी बोट ठेवून दाखवावयाची, ही त्याची रीत. पुढे १९४१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींचे हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले आणि आपल्या देशातील सामान्य वाचकालाही ही विद्या खुली झाली. ज्या सालिम अलींनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडिली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून जे बुचकळ्यात पडले आणि १९०८ साली त्याच सोसायटीची पायरी चढले, त्यांच्याच हातून हे व्हावे, यात एक औचित्य आहे. त्यांनी पुढेही शास्त्रासाठी नमुने गोळा केले. परंतु हजारो घरांत त्यांनी बंदूक नेली नाही, दुर्बीण नेली.

मात्र पीटरसनची रीतही पर्णवटवट्यांपुढे अपुरी पडू लागली. ज्यांच्या अंगावर ठळक खूणच नाही, त्यांच्या कोणत्या खुणेवर बोट ठेवावयाचे? येथे रंग हा फार लबाड साक्षीदार आहे. पानांतून गाळून आलेल्या उन्हात पांढरे पोट हिरवे दिसते. संध्याकाळी तेच पिवळे भासते. पिसे नवी असताना पंखावरील फिकट पट्टा स्वच्छ असतो. काही महिन्यांनी झिजून तो नाहीसा होतो, आणि मग ज्या पक्ष्याला पट्टा नाही असे पुस्तक सांगते, त्याच्यासारखाच हाही दिसू लागतो. म्हणून जाणते निरीक्षक रंगाकडून घडणीकडे वळले: चोच केवढी, शेपूट पंखांच्या मानाने किती, आणि विशेषतः पंख मिटला असता त्याच्या टोकाची लांब पिसे आतल्या पिसांच्या पुढे किती डोकावतात.

हे शेवटचे लक्षण नीट समजून घेण्यासारखे आहे. व्हाइटच्या तीन पक्ष्यांपैकी काळ्या पायांचा जो, तो हिवाळ्यात बहुधा भूमध्य समुद्राच्या आसपास आणि आफ्रिकेच्या उत्तर व पश्चिम भागांत जातो. गोड लकेरीचा जो, तो सहारा ओलांडून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंतही पोहोचतो. दूरच्या प्रवासाला लांब, टोकदार पंख उपयोगी. म्हणून दुसऱ्याच्या पंखाचे टोक मिटलेल्या स्थितीतही अधिक पुढे आलेले दिसते. हातात घेऊन पाहिल्यास आणखी एक भेद सापडतो: टोकाकडील काही पिसांची बाहेरची कड मध्येच अरुंद होते, एकात ती तिसऱ्यापासून पाचव्या पिसापर्यंत, दुसऱ्यात सहाव्यापर्यंत. रंग ऋतूप्रमाणे फिरतो. घडणीत मात्र त्या जातीचा सारा प्रवास कोरलेला असतो. क्लॉड टाइसहर्स्ट याने १९३८ साली या कुलावर लिहिलेला ग्रंथ, केनेथ विल्यमसनची १९६२ सालची पुस्तिका आणि लार्स स्वेन्सनचा १९७० सालचा ग्रंथ, यांनी ही मोजमापे पद्धतशीर मांडिली. त्यांतील कित्येक मोजमापे हातातल्या पक्ष्यासाठी होती. पुढे दुर्बिणी सुधारल्या, छायाचित्रे आली, आणि त्यांतील काही फांदीवरच्या पक्ष्यावरही वाचता येऊ लागली.

इकडे डोळ्यांची साक्ष अशी पक्की होत असताना, तिकडे कातड्याची साक्ष डळमळू लागली होती. १८९२ ते १९३० या काळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज शहराच्या परिसरातून अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी आश्चर्यकारक संख्येने येत गेल्या. प्रत्येक नोंदीमागे मेलेला पक्षी होता. कपाटातील कातडे खरे होते, जातही बरोबर होती. तथापि बहुतेक पक्षी पेंढा भरणाऱ्या एकाच कारागिराच्या हातून येत होते, आणि इंग्लंडात मिळालेल्या दुर्मिळ पक्ष्याला हौशी संग्राहक भारी किंमत मोजीत. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या मासिकात मॅक्स निकल्सन व जेम्स फर्ग्युसन-लीस यांनी या नोंदींची छाननी प्रसिद्ध केली. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने त्याच परिसराची शेजारच्या प्रदेशाशी आणि नंतरच्या काळाशी तुलना करून दाखविले, की हा योगायोग मानता येण्याजोगा नाही. परिणामी २९ जाती व पोटजाती ब्रिटनच्या यादीतून काढून टाकाव्या लागल्या. पक्षी खोटे नव्हते. ते तेथे सापडले, हे सांगणे विश्वासार्ह नव्हते. पुढे त्यांतील बऱ्याचशा जाती इतर ठिकाणी रीतसर दिसल्या आणि यादीत परत आल्या, आणि त्यांच्या मागे जिवंत पक्षी पाहणाऱ्यांच्या नोंदी होत्या, हा या प्रकरणाचा शेवट विसरण्यासारखा नाही.

या प्रकरणाचे तात्पर्य फार मोलाचे आहे. बंदुकीचा पुरावा माणसाच्या सचोटीवर अवलंबून नाही, या समजुतीवर त्याची सारी प्रतिष्ठा उभी होती. ती समजूत फोल ठरली. चिठ्ठीवरचे गाव आणि तारीख ही अखेर कोणाची तरी साक्षच असते. मग साक्ष टाळता येत नाही हे मान्य करून ती तपासण्याची व्यवस्था करावी, हाच शहाणपणाचा मार्ग. १९५९ साली ब्रिटनमध्ये दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी पारखणारे मंडळ स्थापन झाले होते, ते याच विचाराने. पाहणाऱ्याने काय पाहिले, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, आणि तत्सदृश जाती कोणत्या कारणांनी वगळल्या, हे सारे लिहून द्यावयाचे. मंडळाने ते वाचून निर्णय द्यावयाचा. नामवंताची नोंदही फेटाळली जाऊ शकते, आणि नवख्याची स्वीकारली जाऊ शकते.

तरीही जुन्या कपाटांवर अन्याय होता कामा नये. १८६७ सालच्या नोव्हेंबरात ह्यूमने सतलजच्या खोऱ्यात, रामपूरनजीक, एक बोरूतला वटवट्या मारिला. त्याची चोच लांब, पंख आखूड व गोलसर. तसला दुसरा पक्षी कोणास सापडेना. ती स्वतंत्र जात की दुसऱ्या कोणत्या तरी जातीतील विक्षिप्त व्यक्ती, याविषयी शतकभर संशय राहिला. २००२ साली स्टाफन बेन्श व डेव्हिड पिअर्सन यांनी त्या जुन्या कातड्यातील आनुवंशिक द्रव्य तपासून ती स्वतंत्र जात असल्याचे दाखविले. २००६ च्या मार्चमध्ये फिलिप राउंड यांना थायलंडमध्ये जाळ्यात एक जिवंत पक्षी मिळाला. त्यानंतर जुन्या संग्रहांत चुकीच्या नावाखाली पडून राहिलेली आणखी काही कातडी उजेडात आली, आणि अफगाणिस्तानातील बदख्शानच्या दऱ्यांत या जातीची वीण होते हेही कळले. ते एक कातडे नसते, तर हा प्रश्न विचारताच आला नसता. शिवाय ती इतर कातडी ज्या तज्ज्ञांच्या हातांखालून गेली, त्यांच्याही हातात पक्षी होता, आणि तरी तो ओळखला गेला नव्हता. हातात असणे म्हणजे पाहणे नव्हे.

आणि कधी कधी दोष ना डोळ्याचा असतो ना हाताचा. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या हिरवट पर्णवटवट्याचेच पाहा. त्याची वस्ती तिबेटच्या पठाराला कड्यासारखा वेढा घालून आहे. हिमालयातून पूर्वेकडे व पश्चिमेकडे उत्तरेला जाता जाता तो थोडा थोडा बदलत जातो. शेजारच्या दोन वस्त्यांत फरक सांगणे कठीण. परंतु सैबेरियात दोन्ही टोके एकमेकांस भेटतात, तेव्हा एकाच्या पंखावर एक पट्टा असतो, दुसऱ्याच्या दोन. गाणी इतकी भिन्न, की ते एकमेकांस ओळखही देत नाहीत. टाइसहर्स्टने १९३८ सालीच या कड्याकडे लक्ष वेधले होते. २००१ साली डॅरेन अर्विन, बेन्श व ट्रेव्हर प्राइस यांनी त्याचा सविस्तर पुरावा दिला. या साखळीत प्राचीन काळी कोठे कोठे खंड पडले असावेत, असे नंतरच्या जनुकीय तपासात दिसले. तरी मूळ गोष्ट राहतेच. दोन जातींमधील सीमारेषा प्रत्येक ठिकाणी आखलेली असतेच असे नाही, आणि जेथे ती नाही तेथे ती पाहिल्याचा दावा करणारा डोळा तीक्ष्ण नसून उतावळा असतो.

सारांश, डोळ्यांची साक्ष ग्राह्य झाली ती काचा सुधारल्या एवढ्यानेच नव्हे. डोळ्यांनी आपल्यावर काही बंधने घालून घेतली, म्हणून ती ग्राह्य झाली. एका खुणेवर विसंबावयाचे नाही. भुलविणाऱ्या रंगाआधी टिकणारी घडण पाहावयाची. जे दिसले ते त्याच वेळी लिहावयाचे. जे दिसले नाही तेही लिहावयाचे. आणि दुसऱ्याने शंका घेतली तर राग मानावयाचा नाही. या बंधनांना विद्वत्तेची पदवी लागत नाही. आणि ती पाळणाऱ्यापुढे कोणत्याही प्राण्याचा जीव जात नाही. आपल्या मुलांना निरीक्षणाचे महत्त्व शिकवावे असे आपण म्हणतो. त्यासाठी परसातील चिंच आणि एक साधी वही पुरेशी आहे.

अशा वहीत कोठे कोठे ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ अशी ओळ आढळेल. ती पाहून कोणी लिहिणाऱ्याला अडाणी समजू नये. ज्या वहीत अशी ओळ कोठेच नाही, तिच्यातील उरलेल्या नावांवर विश्वास ठेवणेच अधिक कठीण आहे.